स्क्वायर अ‍ॅफिनिटी जॅझ बास: महागडी घेण्याआधी हिच्यावर किती खर्च करावा?

ही फेंडरच्या स्क्वायर ब्रँडची स्वस्त बास गिटार. पॉप्लर लाकडाची बॉडी, मेपलचा नेक (मान), 34 इंची स्केल (तारेची मोकळी लांबी), 20 फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), दोन सिंगल-कॉइल पिकअप (तारेच्या कंपनांचा विजेचा सिग्नल करणारे, एकेका गुंडाळीचे). सांगाडा चोख आहे. कमी पडतं ते फिनिशिंग आणि सुटे भाग, आणि दोन्ही सुधारता येतात. मात्र नेक पिळलेला निघाला तर एकही पार्ट मागवू नका, बास सरळ बदलून घ्या. हेडस्टॉककडून (नेकचं खुंट्यांचं टोक) बॉडीकडे नजर टाकली की पीळ दिसतो.

सगळ्यांचा हात आधी पिकअपकडे जातो. तिथून सुरुवात करू नका. आधी नव्या तारा लावा (45-65-80-100 जाडीचा, निकलची तार गुंडाळलेला राउंडवाउंड सेट पुरतो) आणि मग सेटअप, म्हणजे नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवणं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तीच तार शेवटच्या फ्रेटवर दाबा. आठव्या फ्रेटपाशी साधारण 0.3 मिमी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) एका वेळी पाव फेराच आवळायचा, ट्यूनिंग करून पुन्हा मोजायचं. मग 17व्या फ्रेटवर ई तारेची उंची 2.4 मिमी, जी तारेची 2 मिमी. सॅडल (बॉडीवरच्या ब्रिजमधला तारेचा टेकू) पार खाली टेकली तरी तार उंचच राहत असेल, तर नेक बसतो त्या खाचेत शिम (पातळ पाचर) घालावी लागते. इंटोनेशन (सगळ्या फ्रेटवर सूर नेमका लागणं) सर्वात शेवटी: 12व्या फ्रेटवर दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तिथेच तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) चढा असेल तर सॅडल मागे घ्या.

नटकडे (नेकच्या वरच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) सहसा कोणी बघत नाही. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा, केसाइतकीच हवी. जास्त असेल तर मोकळी तार सुरात आणि पहिल्या फ्रेटवरचा सूर चढा, असा त्रास होतो. खाच खोल करायला तारेच्या जाडीचीच कानस लागते. एकदा जास्त घासली की नवा नट आलाच, त्यामुळे हे काम कारागिराकडे दिलेलं बरं. फ्रेटची टोकं बोचत असतील तर तीही त्याच वेळी घासून घ्या. इथवर आलात की निम्म्याहून जास्त फरक पडलेला असतो.

आता पिकअप. जॅझ बासमध्ये ब्रिजकडचा पिकअप नेककडच्यापेक्षा साधारण 3 मिमी लांब असतो, पण स्वस्त मॉडेलमध्ये दोन्ही सारखेही सापडतात. कव्हरची लांबी मोजल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप जोडले आणि दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर खालचा आवाज गायब झाला, तर फेज उलटी आहे. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल करा. पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे रेझिस्टर) 250 किलोओहमचे, टोनचा कपॅसिटर 0.047 मायक्रोफॅरडचा. मोठ्या पॉटला 9.5 मिमीचं भोक लागतं, छोट्या पॉटसाठीचं भोक त्याला अपुरं पडतं. प्लेटचं भोक रीमरने (भोक मोठं करायचं हत्यार) वाढवा आणि नॉब नव्या शाफ्टवर बसतात का तेही बघून ठेवा.

कॅव्हिटीत (बॉडीतली वायरिंगची पोकळी) तांब्याची टेप लावताना ती ग्राउंडला जोडायला विसरू नका. जॅकची टोकाची (सिग्नलची) पट्टी टेपला टेकली की बास मुकी होते. आणि हो, टेपने बझ कमी होतो; सिंगल-कॉइलचा हम नाही. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण असताना दोन पिकअप एकमेकांचा हम खोडतात; एक व्हॉल्यूम खाली केला की तो परत येतो.

जड ब्रिजवर पैसे घालावेत असं वाटत नाही. आवाजात फरक जेमतेम पडतो. सॅडलचे स्क्रू खडखडत असतील तर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. ट्यूनर (तार ताणायच्या खुंट्या) मात्र हलके घ्या, पण तेही बास गळ्यात अडकवल्यावर हेडस्टॉक खाली झुकत असेल तरच. भोकाचा व्यास आधी मोजा.

काढलेले मूळ भाग फेकू नका. सेकंडहँड बाजारात अपग्रेडचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. विकायची वेळ आली तर जुने पिकअप परत बसवून बास विका आणि नवे वेगळे विका.