शिवाजीनगर न्यायालयातील मोफत विधी सेवा

पुण्यात बाणेरच्या एका बांधकामावर 2023 मध्ये परांचीवरून पडून माझ्या धाकट्या भावाचा पाय निकामी झाला, तेव्हा ठेकेदाराने सरळ हात वर केले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मोफत वकील दिलाच. शिवाय तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यानुसार ठेकेदाराच्या मजुराला बिल्डरकडूनही भरपाई मागता येत होती, दावा अपघातापासून 2 वर्षांच्या आत करावा लागत होता आणि देय रक्कम महिनाभरात न दिल्यास 12 टक्के व्याज लागत होते, हे आम्हाला अत्यंत धीराने समजावून सांगितले. हजेरीपत्रक नव्हते, म्हणून रुग्णालयाची कागदपत्रे आणि सहकाऱ्यांचे जबाब जुळवून घेतले. निकालाला वेळ लागतो. मधल्या काळात ठेकेदाराने तडजोडीचा कागद पुढे केल्यास सहीपूर्वी तो वकिलांना अवश्य दाखवावा.