बॅटरी टेस्टर: दीड वर्ष वापरल्यानंतर

गोव्यात मयेहून बांबोळीला जायचं तर आमचा रस्ता चोडणवरून. गाडी फेरीबोटीत चढवली की इंजिन बंद करायचं आणि रायबंदरचा धक्का लागला की चालू करायचं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात बाबांची गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, हृदयाची तपासणी होती म्हणून आम्ही सकाळची फेरी धरली. धक्का आला, फळी खाली झाली, पुढच्या दोन गाड्या निघून गेल्या. मी सेल्फ मारला तर नुसतं 'टक्' झालं. परत मारला, परत 'टक्'. मागे दहा-बारा स्कूटरवाले ऑफिसच्या घाईत, शेजारी बाबा मांडीवर फाइल घेऊन बसलेले. फेरीवरचा खलाशी आणि तीन-चार मुलगे पुढे झाले, त्यांनी गाडी ढकलत चढावरून वर काढली. वर सपाटीला दुसऱ्या गियरमध्ये टाकून गाडी सुरू केली तेव्हा माझे हात थरथरत होते. त्या मुलांचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

त्याच दिवशी परतताना एका बॅटरीच्या दुकानात थांबले. तिथल्या माणसाने मल्टिमीटरच्या दोन सुया टर्मिनलला टेकवल्या आणि आकडा दाखवला, १२.६. "बॅटरी बरी आसा, बाई. तुमचा सेल्फ गेलाय." मी विश्वास ठेवला. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवून तिचे कार्बन बदलून घेतले, अठराशे रुपये दिले. पुढचे सहा आठवडे गाडी नीट चालली आणि जुलैमध्ये भर पावसात, पहाटे, घरच्या अंगणात पुन्हा 'टक्'. बाबा पायरीवर उभे होते. म्हणाले, "बाये, सेल्फ नाही तो. आवाज ऐक. ताकदच पोचत नाही त्याच्यापर्यंत." बाबा कदंब महामंडळात सत्तावीस वर्षं चालक होते. बसमध्ये बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट करतात, आणि त्यातली कुठली दमलीय हे ते सेल्फच्या सुरावरून ओळखायचे.

माझ्याकडे तो कान नाही. म्हणून मी टेस्टर घेतला. त्याच्याबद्दल सविस्तर लिहिते आहे, कारण आमच्या वाड्यावर निम्म्या गाड्या आठवड्यातून एकदाच बाहेर निघतात आणि आमची चूक बाकीच्यांनी करू नये असं मनापासून वाटतं.

टेस्टर म्हणजे हातात मावणारं यंत्र. जाडजूड मोबाइलएवढं, एक छोटा पडदा, पाच बटणं, आणि लाल-काळे दोन चिमटे. किंमत तीन हजारांच्या आतबाहेर. कंपनीचं नाव देत नाही. याच धाटणीचे पाच-सहा टेस्टर बाजारात आहेत आणि मी वापरलाय तो एकच, तेव्हा तुलना करण्याचा मला अधिकार नाही. तो १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या तपासतो, १०० ते २००० सीसीएपर्यंतच्या.

सीसीए, म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँपिअर, हे काय ते समजून घ्यायला मला एक संध्याकाळ लागली. उणे १८ अंश तापमानात पूर्ण भरलेली बॅटरी तीस सेकंद किती अँपिअर देऊ शकते, तेही व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता, तो हा आकडा. गोव्यात उणे १८ कुठून येणार, पण मापाची पट्टी म्हणून तो उपयोगी पडतो. नवी बॅटरी अमुक देते, तुमची आज तमुक देते, एवढं कळलं की पुरे.

व्होल्टेजवरून हे का कळत नाही, तेही सांगते. आमच्या मागच्या विहिरीवर पंप आहे. टाकी गच्च भरलेली असते, पण पाइपात गाळ बसला की नळाला करंगळीएवढी धार. व्होल्टेज म्हणजे टाकीतल्या पाण्याची उंची. बॅटरी काही तास नुसती उभी असेल तर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली गेली म्हणजे जवळजवळ रिकामी. पण सेल्फ फिरवायला एका दमात शंभर-दीडशे अँपिअर लागतात, कधी त्याहून जास्त. प्लेटांवर सल्फेटचे खडे जमले असतील तर टाकी भरलेली दिसूनही धार येत नाही. बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत उभी राहिली की हे खडे घट्ट होत जातात. आमची गाडी नेमकी तशीच वापरली जात होती. महिन्यातून एक-दोनदा बांबोळी, एरवी डिचोलीच्या बाजारापर्यंत जाऊन परत. एवढ्याशा फेरीत सेल्फने घेतलेलं भरूनही निघत नाही. वर आमचा उकाडा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली झीज साधारण दुप्पट होते.

टेस्टर बॅटरीवर फार भार न टाकता तिच्यातून अगदी लहान विजेचा इशारा पाठवतो आणि उत्तर किती सहज येतं ते मोजतो. याला कंडक्टन्स पद्धत म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले प्राध्यापक कीथ चॅम्प्लिन यांनी १९७० च्या दशकात ती बसवली. त्याआधी गॅरेजमध्ये लोड टेस्टर असायचा, आजही आहे. सीसीएच्या निम्मा भार पंधरा सेकंद टाकायचा आणि व्होल्टेज ९.६ च्या वर टिकतं का बघायचं. ती पद्धत खरीच आहे, पण यंत्र तापतं, बॅटरीतलं चार्जिंग खर्च होतं, आणि घरी मी ते करणार नाही.

आता माझ्या जुन्या बॅटरीची गोष्ट. लेबलवर सीसीए लिहिलेलाच नव्हता. फक्त '३८बी२०एल' आणि ३५ एएच, म्हणजे अँपिअर-तास. टेस्टरच्या यादीत ईएन, डिन, एसएई, जेआयएस असे वेगवेगळ्या मानकांचे पर्याय येतात. यातला जेआयएस म्हणजे जपानी मानक निवडलं की आकडे टाकावे लागत नाहीत, बॅटरीचा क्रमांकच शोधायचा. ३८ म्हणजे तिची ताकद कुठल्या पायरीची, बी म्हणजे रुंदी-उंचीचा साचा, २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं अक्षर टर्मिनल कुठल्या बाजूला ते सांगतं. हे कळलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. इतकी वर्षं बॉनेट उघडलं की डोळ्यांसमोर असलेला क्रमांक पहिल्यांदा वाचता आला.

चिमटे लावले, बटण दाबलं, काही सेकंदांत पडद्यावर आलं: व्होल्टेज १२.५८, चार्ज ९० टक्के, आरोग्य ३१ टक्के, सीसीए १६५, आतला रोध १७.९ मिलिओहम. खाली शब्द, 'बदला'. म्हणजे टाकी नव्वद टक्के भरलेली आणि नळ चोंदलेला. दुकानदाराने पाहिलेला आकडा खोटा नव्हता, प्रश्न वेगळा होता. मग क्रँकिंग चाचणी केली, म्हणजे टेस्टर लावून ठेवून सेल्फ मारायचा. व्होल्टेज ८.३ पर्यंत खाली गेलं. चांगल्या बॅटरीत ते ९.६ च्या वर राहायला हवं. शेवटी इंजिन चालू ठेवून चार्जिंग पाहिलं, १४.२, म्हणजे बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठणठणीत. तीन चाचण्या, पाच मिनिटं. त्या अठराशे रुपयांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते बाबांचं म्हणणं आधी ऐकलं नाही याचं.

नवी बॅटरी घ्यायला म्हापशाला गेले आणि टेस्टर पिशवीत घेऊन गेले. हे मात्र प्रत्येकाने करावं. दुकानात एकाच मॉडेलच्या दोन बॅटऱ्या होत्या. एक १२.४४ व्होल्ट आणि सीसीए २९०, दुसरी १२.७० आणि ३४०. दोन्हींची किंमत एकच. पहिली फळीवर जास्त दिवस पडून होती, नुसती ठेवलेली बॅटरीही हळूहळू उतरते. दुकानाचे मालक वयस्कर होते. त्यांनी माझ्या हातातलं यंत्र बघितलं, आतून स्वतःचं आणलं, कागदाची पट्टी छापून देणारं, आणि दोन्ही बॅटऱ्या त्याच्यावर लावल्या. आकडे सात-आठने पुढेमागे, कौल तोच. "दुसरी घ्या, बाई," ते म्हणाले, आणि ती छापील पट्टी वॉरंटी कार्डाला टाचून दिली. जुनी बॅटरी त्यांनी ठेवून घेतली, तेवढे पैसे बिलातून कमी केले. जुनी बॅटरी भंगारवाल्याकडे देऊ नका, दुकानातच द्या. आत शिसं आणि आम्ल असतं.

या यंत्रावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, हेही अनुभवाने शिकले. चवथीच्या आधी वाड्यावरच्या सहा गाड्या तपासल्या. शेजारच्या वहिनींच्या गाडीचा आतला दिवा रात्रभर चालू राहिला होता. व्होल्टेज ११.७, आणि पडद्यावर आरोग्याचा आकडा इतका वाईट की वहिनी माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार सोडून बॅटरीचे पैसे मोजायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. चार्जरवर रात्रभर लावली, सकाळी दोन तास तशीच ठेवली, मग मोजली. उत्तम निघाली. उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यातला फरक भरून घेतल्याशिवाय या टेस्टरला सांगता येत नाही. उलटही होतं. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि आकडा फुगतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून, बंद करून, थोडं थांबून मोजायचं. मी तर सरळ पहाटे मोजते, रात्रभर उभी राहिल्यावर.

दुसरी गोष्ट टर्मिनलची. आमच्या दमट हवेत टर्मिनलवर पांढरी-हिरवट पूड धरते, पावसाळ्यात तर महिन्याभरात. एका गाडीवर मी पुडीवरच चिमटा लावला तर सीसीए २३० दाखवला. मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने टर्मिनल धुतलं. सोडा पडला की पूड फसफसते, फेस येतो, आणि खालून शिशाचा राखाडी रंग हळूहळू वर येतो. पुसून, वाळवून, क्लँप घट्ट करून पुन्हा मोजलं: ३१०. बॅटरी तीच, सकाळ तीच. शेवटी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. चिमटा नटबोल्टवर न लावता शिशाच्याच खुंटाला लागला पाहिजे, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. आणि बायकांनो, हातातल्या बांगड्या काढून ठेवा. लाल टर्मिनल आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धातू आला तर मनगट भाजतं. आगपेटी, सिगारेट जवळ नको, चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

उणिवा सांगायच्या तर यंत्राला स्वतःची बॅटरी नाही, समोरच्या बॅटरीवरच ते चालतं. म्हणून जी पार खलास झाली तिच्यावर पडदाही उजळत नाही. माझ्या स्कूटरची बॅटरी तपासता आली नाही, ती शंभर सीसीएच्या खालची. चिमटे काढले की वाचन जातं, त्यामुळे मी वहीत लिहून ठेवते. वायर थोडी आखूड आहे. मेन्यू इंग्रजीत, बाबांना एकेक शब्द सांगावा लागला. आता ते स्वतः लावतात, चष्मा लावून, आणि आधी सेल्फच्या आवाजावरून आकडा सांगून मग पडदा बघतात. परवा म्हणाले ३२०. आला ३१८.

वहीत दीड वर्षाच्या नोंदी आहेत: ३४०, ३३८, ३३६, मार्चमध्ये ३२७, मेमध्ये ३२१, आता ३१८. उतार दिसतो, पण सावकाश. मार्चचा आकडा पाहिल्यापासून दर रविवारी गाडी साखळी शहरापर्यंत नेऊन आणते, नुसती अंगणात चालू ठेवत नाही. शनिवारी वरच्या वाड्यावरच्या मामांची गाडी बघायची आहे, त्यांना सोमवारी गोमेकॉत जायचंय. त्यांच्या टर्मिनलवर बोटभर पूड आहे, तेव्हा आधी सोडा आणि ब्रश.