फिजीच्या व्हिसाचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका (आमचा अनुभव)

फिजीला भारतीय पासपोर्टवर फिरायला जायचं असेल तर आधी व्हिसा काढावाच लागत नाही. पासपोर्ट किमान सहा महिने व्हॅलिड हवा, परतीचं तिकीट हवं, राहायचं बुकिंग आणि खर्चाला पैसे आहेत हे दाखवता आलं पाहिजे, मग नांदीच्या एअरपोर्टवर चार महिन्यांपर्यंतचा शिक्का फुकट मारून देतात. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण आमच्या ट्रॅव्हल एजंटने आमच्याकडून ह्याच व्हिसाचे माणशी साडेसहा हजार घेतले, मी, नवरा आणि माझे आईबाबा मिळून सव्वीस हजार, आणि वर "फिजीचं फार कडक असतं ताई, आपली ओळख आहे म्हणून होतंय" हेही ऐकवलं. शिक्काबिक्का असलेली एक पीडीएफ पाठवली, व्हिसा अप्रूव्हल लेटर म्हणून. आईने ती कलर प्रिंट काढून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून नेली होती, इमिग्रेशनवरच्या बाईंनी ती हातात पण घेतली नाही, रिटर्न तिकीट बघितलं, शिक्का मारला, हसून बुला (म्हणजे तिकडचा नमस्कार) म्हणाल्या आणि पुढचा माणूस.

एजंट आमच्याच भागातला, ऑफिस आहे, बोर्ड आहे, लोकांचे फोटो भिंतीवर लावलेत. नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे. पण पद्धत सगळी सांगते, कारण फिजीसारख्या ठिकाणाबद्दल आपल्याकडे फारसं कोणाला काही माहीत नसतं, आणि हे लोक नेमकं त्याच्यावरच पैसे काढतात. बँकॉक दुबईच्या पॅकेजमध्ये असं करायला गेले तर शेजारचाच कोणीतरी सांगेल की अहो असं नसतं.

आता बेटाचं. आम्हाला विकलं होतं "आयलंड रिसॉर्ट, बीचफ्रंट", आणि ब्रोशरमध्ये निळंशार पाणी, पांढरी वाळू. पहिलं हॉटेल निघालं देनाराऊला. देनाराऊला आयलंड म्हणतात हे खरं आहे, पण ते विती लेवू ह्या मुख्य बेटाला अगदी चिकटून आहे, मध्ये एक खाडी आणि त्याच्यावर छोटा पूल, टॅक्सीने पूल ओलांडला की पोचलात. जागा छान आहे, हॉटेलं चकाचक आहेत, पण वाळू करड्या रंगाची आणि पाणी गढूळसर, ब्रोशरमधला समुद्र तिथे नाहीच. तो समुद्र मामानुथा आणि यासावा ह्या बेटांच्या रांगांकडे आहे आणि तिकडे देनाराऊच्या बंदरातून बोटीने जावं लागतं. म्हणजे फोटो यासावाचा आणि खोली देनाराऊची. आमच्या टॅक्सीवाल्या दादांनी हे दोन मिनिटांत समजावून सांगितलं, त्यांचे पणजोबा गिरमिटवर, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या मजुरीच्या करारावर आलेले, १८७९ पासून १९१६ पर्यंत साठ हजारांच्या वर माणसं भारतातून उसाच्या मळ्यांवर नेली त्यातले, त्यामुळे त्यांची हिंदी ऐकून बाबांचा जीव भांड्यात पडला होता. व्हिसाचे पैसे दिले हे ऐकून तेच आमच्यापेक्षा जास्त चिडले.

खरा फटका मात्र बोटीचा बसला. पुढचे दिवस यासावातल्या एका छोट्या रिसॉर्टमध्ये होते आणि पॅकेजमध्ये "ऑल ट्रान्सफर इन्क्लुडेड" लिहिलं होतं. सकाळी बंदरावर गेलो तर आमच्या नावाचं बुकिंगच नाही. आता हे लक्षात घ्या की यासावाकडे जाणारी ती मोठी बोट सकाळी निघते, एकेका बेटाजवळ थांबत वर जाते, वरच्या बेटांना चार पाच तास लागतात, आणि ती चुकली तर साधारण दुसऱ्या दिवशीचीच. दुसरा उपाय सीप्लेन किंवा हेलिकॉप्टर, त्याचे भाव विचारू नका. एजंटला फोन लावतोय तर तिकडे साडेसहा तास मागे, म्हणजे भारतात मध्यरात्र, तो कशाला उचलतोय. आईबाबा बॅगांवर बसलेले, बोटीचा भोंगा झालेला, शेवटी नवऱ्याने चौघांची जायची यायची तिकिटं कार्डावर काढली. काउंटरवरच्या मुलाने चांगली मदत केली, जागा होती म्हणून मिळाली, सीझनमध्ये फुल असते.

आणि तिथे तिकिटाचा भाव बघितल्यावर अजून एक गोष्ट उघडी पडली. फिजीत सगळे भाव फिजी डॉलरमध्ये असतात, आणि नुसतं डॉलरचं चिन्ह लिहिलेलं असतं. एका अमेरिकन डॉलरला दोनाहून जास्त फिजी डॉलर येतात, रुपयात हिशोबाला एक फिजी डॉलर चाळीसच्या आसपास धरा. ह्या माणसाने रिसॉर्टची आणि बोटीची रेट शीट जशीच्या तशी आम्हाला दाखवलेली, म्हणजे कागद खरा, आकडे खरे, आणि हिशोब मात्र अमेरिकन डॉलरच्या भावाने केलेला. स्नॉर्कलिंगची ट्रिप, गावभेट, सगळं दुपटीच्या वर. आम्ही दिलेला प्रत्येक आकडा परत येऊन वहीत मांडला तेव्हा बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, त्यांनी रिटायरमेंटच्या पैशातून अर्धा खर्च उचलला होता.

जेवणाचंही सांगते, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी. पॅकेज स्वस्त दिसावं म्हणून हे लोक बेटावरची खोली विदाउट मील दाखवतात आणि म्हणतात बाहेर खा, स्वस्त पडतं. अहो त्या बेटांवर बाहेर म्हणून काही नसतंच! रिसॉर्ट, नारळाची झाडं आणि लांबवर एखादं गाव, बस. म्हणूनच तिथली बरीच रिसॉर्ट मील प्लॅन कम्पल्सरी करतात, माणशी दिवसाला ठरलेले पैसे, आणि ते पोचल्यावर घेतात. आमचेही घेतले. रिसॉर्टचा ह्यात काही दोष नाही, त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय, एजंटने लपवलं. आईसाठी त्यांनी रोज वेगळं डाळभात भाजी केली, दालो म्हणजे आपल्या अळूचा कंद, तो पण छान करतात.

तिथे गेल्यावर एकच भानगड बघितली, ती नांदीच्या मेन रोडवर. कोणीतरी फार प्रेमाने बुला करून तुमचं नाव विचारतो, कुठून आलात, आणि बोलता बोलता लाकडी तलवारीवर किंवा मुखवट्यावर ते नाव कोरून टाकतो, मग म्हणतो आता हे तुमचंच, पैसे द्या. नाव सांगू नका, हसून पुढे जा. बाकी लोक इतके चांगले की सांगता सोय नाही.

बुकिंगच्या आधी हे करा. हॉटेलचं आणि बोटीचं कन्फर्मेशन नंबरसकट एजंटकडून मागा आणि तो नंबर घेऊन थेट तिकडे ईमेल करा, की पैसे भरलेत का आणि जेवण धरलंय का. तिकीट सिंगापूर किंवा हाँगकाँगवरून बघा. सिडनीवरून स्वस्त पडतं म्हणून कोणी दिलं तर भारतीय पासपोर्टला ऑस्ट्रेलियाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, तो फुकट मिळतो पण आधी काढावा लागतो, नाहीतर मुंबईतच विमानात चढू देणार नाहीत. जानेवारी फेब्रुवारीची "धमाका ऑफर" आली तर नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पाऊस आणि चक्रीवादळांचा काळ असतो हे डोक्यात ठेवा, मे ते ऑक्टोबर चांगलं. आणि पॅकेजवर टीसीएस (एजंटने आपल्याकडून घेऊन सरकारकडे भरायचा कर) कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा व्हायला पाहिजे, आयकर खात्याच्या २६एएस ह्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, रिटर्न भरताना त्याचा फायदा मिळतो. आमच्याकडून टीसीएस म्हणून घेतलेली रक्कम तिथे आलीच नाही, ती सरळ त्याच्या खिशात गेली.

परत आल्यावर त्याचं उत्तर काय, तर "व्हिसाचे नाही हो ताई, ती सर्व्हिस फी होती". पण पावतीवर त्याच्याच हाताने फिजी व्हिसा फी लिहिलेलं आहे, आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज आहेत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली, मग वकिलांची नोटीस पाठवली, त्याच्यानंतर व्हिसाचे सव्वीस हजार परत आले. बोटीचे, जेवणाचे आणि डॉलरच्या फरकाचे द्यायला तयार नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ती ऑनलाइन टाकता येते, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे एजंट दुसऱ्या शहरातला असला तरी तिकडे खेटे घालायला नकोत. आमची पहिली तारीख अजून यायची आहे. ज्यांचे असेच गेलेत त्यांनी पावत्या, चॅट, बँक स्टेटमेंट आणि तिकडे कार्डावर भरलेल्या पैशांच्या स्लिपा टाकून देऊ नका, आमची तक्रार त्याच चार कागदांवर उभी आहे.