बीआरएसआरचा डेटा भरून देणारी सर्व्हिस घेतली, त्याचा रिव्ह्यू

आमचं भोसरीत मशीनिंगचं युनिट आहे, आम्ही लिस्टेड वगैरे अजिबात नाही. पण आमचा कस्टमर लिस्टेड, आणि सेबीने 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण, कामगार, कारभार यांचा वार्षिक अहवाल) कंपल्सरी केलंय, त्यामुळे त्यांची शंभरेक प्रश्नांची एक्सेल आमच्या माथी. आता नियमात बाहेरच्यांची माहिती द्यायची ती फक्त व्हॅल्यू चेनची, म्हणजे आमच्या बाबतीत ज्याच्याकडून 2 टक्के किंवा जास्त खरेदी आहे तो सप्लायर, तेही टॉप 250 कंपन्यांपुरतं, आणि 2025 मध्ये तर सेबीने ते ऐच्छिकच करून टाकलं. आम्ही त्या 2 टक्क्यांच्या आसपासही नाही! तसं कस्टमरला सांगून बघितलं तर म्हणे "वरून आलंय, भरून द्या". मग एक कन्सल्टंट गाठला, नाव लिहीत नाही. 40 हजार अधिक जीएसटी.

आधी चांगलं सांगतो. त्यांची जी मुलगी साइटवर आली ती खरंच हुशार निघाली. आमच्याकडे डिझेलची नोंद फक्त रुपयांत असायची, तिने जनरेटरचं लॉगबुक आणि पंपाच्या पावत्या घेऊन बसून लिटर काढले, लिटरला साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात हे आमच्या स्टोअरवाल्याला नीट समजावलं. वापरलेलं ऑइल किती गेलं ते एमपीसीबीला (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) जून अखेर घातक कचऱ्याचा जो फॉर्म 4 भरतो त्यातूनच उचललं, नवीन काही मागितलं नाही. कंत्राटी बायका हेडकाउंटमध्ये वेगळ्या दाखवायच्या असतात हे पण तिनेच सांगितलं, आमच्या एचआरने त्यांना धरलंच नव्हतं.

पण ऑफिसात बसून जो आकडे भरतो त्याने घोळ घातला. महावितरणच्या एचटी (उच्चदाब) बिलात केव्हीएएच (एकूण ओढलेली वीज) आणि केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष कामी आलेली वीज) दोन्ही असतात, बिलिंग केव्हीएएचवर होतं, कार्बन मात्र केडब्ल्यूएचवर काढायचा, आणि पठ्ठ्याने सगळीकडे केव्हीएएच घेतलं. कपॅसिटर पॅनल बिघडल्यापासून आमचा पीएफ (पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच) 0.91 वर आलाय म्हणजे विजेचं उत्सर्जन जवळजवळ 10 टक्के फुगलं की! मी पकडलं म्हणून, नाहीतर पुढच्या वर्षी बरोबर आकडा भरला असता तर काहीही न करता "9 टक्के घट" दिसली असती, आणि कस्टमरने ती मोठ्या हौसेने छापली पण असती.

पॉलिसी तर विचारूच नका. मानवाधिकार पॉलिसीत "आमच्या सर्व प्रकल्पांतील स्थानिक आदिवासी समुदाय" असं वाक्य, कुठल्यातरी खाणवाल्याची फाइल दिसतेय, आमचं एक शेड आणि शेजारी वडापावची गाडी. कस्टमरने ती तशीच अॅक्सेप्ट केली बरं का, कोणी वाचलीच नाही. त्यांच्या ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार बघणाऱ्या) टीमला सगळे रकाने हिरवे हवे असतात, आणि परचेसवाल्याने त्याच आठवड्यात 3 टक्के रेट कमी करा म्हणून मेल टाकला, त्यात सस्टेनेबिलिटीचा स पण नाही.

5 पैकी 3 स्टार, त्यातले अडीच त्या मुलीचे. घेणार असाल तर फक्त साइट व्हिजिट आणि डेटाचं काम द्या, पॉलिसीचं पॅकेज घेऊ नका, आणि फायनल शीट पाठवण्याआधी वीजबिलाचा कुठला कॉलम घेतलाय ते स्वतः बघा.