शेवाळ खायला गोगलगाई : दुकानातल्या सोनेरी आणि तळीतल्या तपकिरी

आमचं घर चिपळूणहून गुहागरकडे जाताना लागतं. परसात पोफळींच्या सावलीला लागून तीन वर्षांपूर्वी एक तळं केलं. लांबी 8 फूट, रुंदी 5, खोली 2, म्हणजे साधारण सव्वादोन हजार लिटर पाणी. आत शेततळ्याला घालतात तो 500 मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद आणि कडेला जांभ्याचे चिरे. पहिल्या पावसात तळं भरलं आणि दिवाळीपर्यंत पाणी नितळ राहिलं. फेब्रुवारीत कागदावर मऊ हिरवा थर धरला. मार्च सरता सरता पंपाच्या तोंडाशी केसांसारखं लांब शेवाळ लोंबायला लागलं, आणि एप्रिलात पाणीच हिरवं झालं. कोथिंबिरीची चटणी वाटून मिक्सरचं भांडं विसळावं तसं. तळाचा दगड दिसेना, मासे दिसेनात.

ही तीन शेवाळं वेगवेगळी आहेत हे मला तेव्हा कळत नव्हतं. गोगलगाई घ्यायचा विचार असेल त्याने आधी आपल्या तळ्यात यातलं कुठलं आहे ते बघावं, नाहीतर माझ्यासारखे पैसे जातील.

शहरातल्या एका शोभेच्या माशांच्या दुकानातून मी सोनेरी गोगलगाई आणल्या. पन्नास रुपयाला एक, अशा बारा. दुकानदार म्हणाला, "काकू, बारा सोडा, महिन्याभरात पाणी आरसा होईल." दिसायला त्या फार सुंदर. हळदीच्या रंगाचं कवच, लांब मिशा, आणि श्वास घ्यायला पृष्ठभागापर्यंत वर काढलेली नळी. रात्री बॅटरी घेऊन बसलं की कागदावरून त्या पुढे सरकताना दिसायच्या आणि मागे थरात नागमोडी स्वच्छ पट्टा उरायचा. त्यांच्या जिभेवर कानशीसारखे बारीक दातांचे रांगेने थर असतात, त्यांनी त्या पृष्ठभाग खरवडतात. तीन आठवड्यांत कागदाच्या भिंती काळ्याभोर झाल्या, कुंड्यांवरचा चिकटा गेला. हे काम त्यांनी चोख केलं.

पाणी मात्र तितकंच हिरवं. का, ते नंतर उमगलं. हिरवं पाणी म्हणजे पाण्यात सुट्टं तरंगणारं, एकेका पेशीचं शेवाळ. खरवडणाऱ्या जिभेला ते सापडणार कसं? केसांसारख्या शेवाळालाही त्यांनी फारसं तोंड लावलं नाही. ते मी काठीला गुंडाळून हातानेच काढत होते आणि अजूनही काढते. शिवाय गोगलगाय खाते तशी घाणही करते. ती घाण पाण्यात विरघळते आणि पुन्हा शेवाळाचंच खत होते. माशांना मूठभर खाणं टाकायचं आणि वर गोगलगाईंकडून पाणी स्वच्छ होण्याची वाट बघायची, हे जमत नाही.

खरी काळजी मे महिन्यात सुरू झाली. एका सकाळी पाण्यापासून वीतभर वर, जांभ्याच्या चिऱ्यावर, गुलाबी दाण्यांचा एक घोस चिकटलेला दिसला. मक्याच्या छोट्या कणसासारखा. ही सोनेरी जात मूळची दक्षिण अमेरिकेतली, अंडी पाण्याबाहेर घालते. तिची एक जवळची बहीण 1980च्या सुमारास तैवानमध्ये खाण्यासाठी म्हणून नेली गेली आणि पुढे आग्नेय आशियातल्या भातशेतीला तिने पुरतं नाडलं. दुकानात 'मिस्ट्री' नावाने मिळते ती ही सोनेरी आणि ती भातखाऊ बहीण, दोघींनाही बाजारात 'अ‍ॅपल स्नेल' म्हणतात, आणि लहानपणी त्या माझ्यासारखीला वेगळ्या ओळखता येत नाहीत. आमचं तळं जूनमध्ये भरून वाहतं. ते पाणी पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, मिळतं आणि पऱ्याखाली भातखाचरं आहेत. दुसऱ्याच्या खाचरात काय सोडायचं याचा जुगार मला खेळायचा नव्हता. अंड्यांचे चार घोस खरवडून चिरडले आणि पाऊस लागायच्या आत बाराही गोगलगाई वेचून पुण्याला पुतण्याच्या काचेच्या टाकीत पाठवल्या. तिथे त्या छान आहेत. उघड्या, वाहत्या तळ्यात त्या सोडू नका असं मी अगदी हात जोडून सांगेन.

दुसऱ्या वर्षी आमच्याच वाडीतल्या देवळाच्या तळीतले शंख, म्हणजे तिथल्या पाण्यातल्या गोगलगाई, आणले. गुरवांना विचारूनच. "न्या की वहिनी, पण मोजून न्या," म्हणाले. पंचवीस आणले. अंगठ्याच्या पेराएवढे, तपकिरी-हिरवट, कवच जाड, आणि तोंडावर घट्ट बसणारं झाकण. ही जात अंडी घालत नाही. इवलंसं कवच घेऊन आलेलं पिल्लूच जन्माला घालते, आणि तेही बेताने. सोनेरीसारखी ती चपळ नाही, दिवसा गाळात अर्धी रुतून बसते. पण हिच्यात एक गुण जास्त आहे. भिंत खरवडते तशीच ती कल्ल्यांतून पाणी आत ओढून त्यातले तरंगते कणही गाळून खाते. म्हणजे हिरव्या पाण्याला थोडा तरी हात लावणारी हीच.

थोडा तरी, असं मुद्दाम म्हणते. कारण त्याच हिवाळ्यात मी कुमुदिनीच्या चार कुंड्या तळाशी ठेवल्या होत्या आणि एप्रिलपर्यंत पानांनी दोन तृतीयांश पाणी झाकलं होतं. माशांचं खाणंही निम्म्यावर आणलं. मे महिन्यात दोन फुटांवरचा तळाचा दगड स्वच्छ दिसला, तेव्हा मी त्यातला मोठा वाटा कुमुदिनीच्या सावलीला दिला, उरलेला शंखांना. पण कागद, कुंड्या, देठ, कुजकी पानं, यांची झाडलोट मात्र सगळी शंखांची.

तळीतून आणलेल्या वस्तूबरोबर न बोलावलेलेही येतात. म्हणून ते पंचवीस शंख तीन आठवडे वेगळ्या टपात ठेवले होते आणि रोज बघत होते. दोन प्रकार निघाले: एक जिलबीसारखा चपटा गुंडाळलेला, दुसरा पातळ कवचाचा, टोकदार. दोघांनाही झाकण नाही, दोघांचीही अंडी जेलीच्या ठिपक्यांत. ते सगळे काढून टाकले. शेजारी दुभत्या म्हशी आहेत, आणि जनावरांच्या यकृतातले पर्णकृमी त्या टोकदार गोगलगाईत वाढतात, तर चपट्या जातीत जनावरांच्या रक्तात राहणारे कृमी, हे मला आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. आमच्या रस्त्यावर तर याला जुना इतिहास आहे. गुहागर तालुक्यातल्या गिमवीला 1952च्या सुमारास माणसांच्या लघवीतून रक्त जाण्याचा आजार सापडला होता, आणि तो पसरवणारी होती ओढ्यातली टोपीसारख्या कवचाची, नखाहून लहान गोगलगाय. म्हणून रानातल्या पाण्यातली वनस्पती आणली तर पानांची खालची बाजू बोट फिरवून बघा, आणि तळ्यात काम केल्यावर हात साबणाने धुवा.

पहिले सहा महिने शंखांच्या शेंड्यांवर पांढरे खड्डे पडत होते. कवच विरघळत होतं. आमचं पाणी पावसाचं, जांभ्यातून झिरपलेलं. पट्टी बुडवून बघितली तर सामू (पीएच) 6 च्या जरा वर, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलेलं. घाटावर काळ्या दगडातलं बोअरचं पाणी असतं, ते जड असतं, त्यामुळे तिकडच्यांना हा त्रास सहसा व्हायचा नाही. मी कालवांची आणि तिसऱ्यांची धुतलेली शिंपलं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून पंपाजवळ सोडली. समुद्रफेसही चालतो, पण आमच्याकडे शिंपलं फुकट आहेत. दोन महिन्यांत सामू 7 ला टेकला आणि नवीन वाढलेलं कवच गुळगुळीत आलं. जुने खड्डे भरत नाहीत, ते तसेच राहतात.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगायलाच हवी. जूनच्या आधी पोफळींवर कोळेरोगासाठी, म्हणजे सुपारीच्या कुजीसाठी, बोर्डो मिश्रण मारतात. त्यात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि गोगलगाईला तांबं विषासारखं. फवारणीच्या दिवशी तळ्यावर ताडपत्री टाकायला हवी होती, ती मी टाकली नाही. वरून ठिबकलेल्या पाण्याने दोन दिवसांत नऊ शंख गेले. मेलेला शंख लगेच काढावा लागतो, नाहीतर पाणी नासतं. शंका आली की नाकाशी धरायचा, मेलेल्याचा वास लपत नाही. झाकण सैल पडून लोंबतं, तीही खूण. त्या संध्याकाळी निम्मं पाणी बदललं, रडू आलं होतं. तळ्यात शेवाळ मारायला मोरचूद टाका असं कोणी सांगितलं तर त्याच वेळी त्याला विचारा, तुमच्याकडे गोगलगाई आहेत का म्हणून. नळाचं पाणी भरायचं तर तेही एक दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर.

लातूरहून आमचे व्याही आले होते. तळं बघून त्यांचा चेहरा उतरला. "विहीणबाई, हे काय पाळलंत?" त्यांचं बरोबरच होतं, 2022 च्या पावसाळ्यात शंखी गोगलगाईंनी त्यांच्याकडचं सोयाबीन कोवळं असतानाच फस्त केलं होतं, दुबार पेरणी करावी लागली. ती जमिनीवरची आफ्रिकन जात. हे शंख पाणी सोडून भाजीच्या वाफ्यात येत नाहीत, हे त्यांना दोन दिवस मुक्कामात स्वतः बघितल्यावर पटलं. उलट आमच्या शंखांनाच शत्रू आहे. भारद्वाजाची जोडी पहाटे काठावर येते आणि चिऱ्यावर फुटकी कवचं ठेवून जाते. मी तो कर समजते. उथळ बाजूला फुटक्या कौलांचा आडोसा केला तेव्हापासून पिल्लं वाचतात.

पाचपैकी किती, असं विचाराल तर सोनेरींना भिंती साफ करण्यासाठी चार, पण वाहत्या तळ्यासाठी शून्य. काचेच्या टाकीत ठेवायच्या असतील तर खुशाल घ्या. आपल्याच ओढ्या-तळीतल्या झाकणवाल्या शंखांना साडेचार. अर्धा कापला तो वेळेसाठी. फरक दिसायला त्यांना चार महिने लागले. तळ्यात सावली नसेल, मासे दाटीवाटीने असतील, तर दोन्हींपैकी काहीच घेऊ नका, आधी कुमुदिनी लावा. डासांसाठी गोगलगाई उपयोगाच्या नाहीत, त्याला गप्पी मासे. ते हिवताप विभागाकडून मिळतात आणि शंखांना त्रास देत नाहीत.

यंदा एप्रिलात देवळाच्या तळीतला गाळ काढला. यंत्राने काढला, त्यामुळे गाळाबरोबर शंखही गेले. जूनच्या पहिल्या पाण्यानंतर गुरव आमच्या दारात आले, हातात रिकामी कळशी. "वहिनी, तुम्ही पंचवीस नेले होते." आम्ही दोघांनी कौलं उचलून पेराएवढे, नखाएवढे मिळून चाळीस मोजले आणि कळशीत भरले.