दीडशे वर्षं जुना म्हणून गळ्यात मारलेला ओवारेचा पट

घानात कामासाठी राहणारे आणि फिरायला येणारे आपले लोक आता बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. जुन्या लाकडी वस्तू विकणाऱ्या एका माणसाने आम्हाला साडेसहा हजार सेडीला (सेडी हे इथलं चलन) फसवलं. पैसे गेले ते गेलेच, पण त्याने हे इतकं पद्धतशीर केलंय की तक्रार करायलाही जागा ठेवली नाही, आणि तेच मला सगळ्यांना सांगायचंय.

आधी ओवारे काय ते सांगते, हा इथला दोघांनी खेळायचा बियांचा खेळ. लाकडात दोन ओळींत सहा-सहा खळगे, प्रत्येकात चार बिया, एकूण ४८. एका खळग्यातल्या सगळ्या बिया उचलून पुढच्या खळग्यांत एकेक टाकत जायचं, शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडली आणि तिथे दोन किंवा तीन झाल्या की त्या आपल्या, ज्याच्याकडे २५ जमल्या तो जिंकला. राजधानी अक्रात दुपारी झाडाखाली बसून माणसं हे खेळतात, हात इतके भराभर चालतात की नवख्याला कुठली बी कुठे गेली तेच कळत नाही. आणि बिया कुठल्या, तर चक्क आपले सागरगोटे! कोकणात समुद्राकाठी काटेरी झुडपाला लागतात तेच राखाडी, गुळगुळीत. ते पहिल्यांदा बघितले तेव्हाच ठरवलं होतं की घरी एक चांगला पट घ्यायचा.

आमच्या कंपाउंडमध्ये एक जण अधूनमधून मुखवटे, स्टूल वगैरे घेऊन यायचा, त्याला मी हे बोलले होते. काही दिवसांनी तो कापडात गुंडाळून एक पट घेऊन आला. काळपट तपकिरी रंग, खाली अशांती लोकांच्या (घानातला एक मोठा समाज) स्टूलाला असते तशी वळणदार बैठक, एका टोकाला बाईचं कोरलेलं डोकं, बघताक्षणी नजर ठरेल असं काम. म्हणाला, हा अशांती सरदाराच्या घरातला, दीडशे वर्षं जुना, १९३१ साली पॅरिसला वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं तिकडे गेलेला, मग एका फ्रेंच कुटुंबाकडे होता आणि आता परत आलाय. पुरावा म्हणून पटाच्या तळाला पिवळं पडलेलं लेबल, त्यावर हाताने लिहिलेला नंबर, साल आणि देशाचं नाव. सोबत थैलीभर सागरगोटे, तेही म्हणे तेवढेच जुने.

पैसे रोखच पाहिजेत म्हणाला. इथे भाजीवालीसुद्धा मोबाईलवर मोमोने, म्हणजे मोबाईल मनीने, पैसे घेते, तरी याला कॅशच हवी होती. आणि त्याने दोन कागद केले. एकावर ‘जुना अशांती पट, संग्रहातला’ असं लिहून त्याने सही केली, तो आमच्यासाठी. दुसऱ्यावर ‘नवीन हस्तकला’ असं लिहून त्यावर आमची सही घेतली, एअरपोर्टवर कुणी विचारलं तर हा दाखवा, उगाच त्रास नको, सगळे असंच करतात म्हणाला.

पट हॉलमध्ये एसीखाली ठेवला होता. डिसेंबरात हरमॅटनचा कोरडा वारा सुरू झाला आणि पटाला मधोमध उभी चीर गेली, मग अजून दोन. ह्यांच्या कंपनीत कुमासी शहराकडचे एक वयस्कर सुतारकाका आहेत, दुरुस्त होईल का म्हणून त्यांना दाखवला. त्यांनी हातात घेऊन वजन बघितलं आणि लगेच म्हणाले, मॅडम, हे ओलं लाकूड आहे, दीडशे वर्षांचं लाकूड आता कशाला एवढं आकसेल. मग त्यांनी खळग्यांत बोट फिरवायला लावलं. जो पट खरंच पिढ्यान् पिढ्या खेळला जातो त्याचे खळगे आतून झिजून गुळगुळीत होतात, कारण बोटं आणि बिया तिथेच घासतात, कडासुद्धा बोटं जिथून आत जातात तिथे जास्त गोल होतात. आमच्या पटाला बाहेरून सगळीकडे सारखाच काळा रंग आणि खळग्यांच्या तळाला छिन्नीचे ताजे खरखरीत घाव. ओला कापूस घासला तर तपकिरी रंग उतरला, नाकाजवळ नेला तर सरळ बुटाच्या पॉलिशचा वास. काका म्हणाले, मातीत पुरतात, वाळवी लावतात, धुरात टांगतात, कोला नावाच्या बियांचं पाणी चोळतात, आठवड्यांत ‘जुनं’ तयार.

त्या डोक्याचंही तेच. बारीक मिटल्यासारखे डोळे, उंच कपाळ, भरलेले ओठ, ही घडण डॅन लोकांची, म्हणजे लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या पश्चिम भागातली. त्यांचेही डोकं कोरलेले असे सुंदर पट असतात, पण अशांती बैठकीवर डॅन बाईचं डोकं म्हणजे गिऱ्हाइकाला आवडेल ते सगळं एकत्र जोडलेलं.

लेबल तर मी नंतर नीट वाचलं आणि डोकंच फिरलं. त्यावर ‘घाना, १९३१’ असं होतं. तेव्हा घाना हे देशाचं नाव नव्हतंच, ब्रिटिशांची गोल्ड कोस्ट वसाहत होती, घाना झाला ६ मार्च १९५७ ला. शिवाय अक्षरं बॉलपेनची, आणि बॉलपेन बाजारात आलं १९४० नंतर.

त्याला फोन केला तर तो अजिबात घाबरला नाही. म्हणाला, नवीन हस्तकला म्हणून तुम्हीच सही केलीय, मग फसवलं कुठे? आणि जुना आहे म्हणत असाल तर बोर्डाची परवानगी दाखवा. इथे जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला म्युझियम्स अँड मॉन्युमेंट्स बोर्डाची परवानगी लागते. म्हणजे पट खरा असता तर त्या दुसऱ्या कागदावर आम्ही एअरपोर्टला गुन्हेगार, आणि खोटा निघाला तर त्याच कागदावर तो सुटला. माणूस परदेशी आहे, पोलिसात जायला कचरणार, हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणून सांगते, विकणारा एकाच वस्तूचे दोन वेगळे कागद करायला लागला की तिथेच व्यवहार थांबवा, वस्तू कितीही आवडलेली असो. खरंच जुनी असेल तर त्याला म्हणा आधी बोर्डाकडे जाऊन दाखवू, पैसे नंतर. माझी खात्री आहे, तो परत येणार नाही.

मला सगळ्यात जास्त राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. ज्याने हा पट कोरला त्याचा हात खरोखर चांगला आहे, ती बैठक एका ओंडक्यातून काढणं सोपं नाही. त्या माणसाला यातले किती मिळाले असतील देव जाणे, आणि वर त्याचं काम पॉलिशने काळं करून त्याचं नावच पुसून टाकलं.

पुढे काकांनीच कुमासीजवळ, मॅम्पाँगच्या रस्त्यावर आह्विया म्हणून लाकूडकाम करणाऱ्यांचं गाव आहे तिथे नेलं. तिथे कारागीर समोर बसून कोरतात, नवीनला नवीनच म्हणतात, आणि चारशे सेडीच्या आत सुकवलेल्या लाकडाचा छान पट मिळाला. घेताना कारागिराला तळाला नाव आणि साल कोरून द्यायला सांगा, ते आनंदाने देतात, आणि परत जाताना बोर्डाकडून तो जुना नाही असा कागद घ्या म्हणजे एअरपोर्टला प्रश्न येत नाही.