तनिझाकी की कावाबाता: आधी कोण?

झपाटलेल्या प्रेमाच्या जपानी कादंबऱ्या वाचायच्या म्हटलं की दोन नावं हटकून पुढे येतात: जुनिचिरो तनिझाकीची ‘द की’ (१९५६) आणि यासुनारी कावाबाताची ‘हाउस ऑफ द स्लीपिंग ब्युटीज’ (१९६०-६१). दोन्ही छोटेखानी, दोन्हींचे इंग्रजी अनुवाद आहेत, आणि दोन्हींत वय उतरणीला लागलं तरी वासना सुटत नाही असा पुरुष. मग निवडायचं कशावरून? माझ्या मते एकाच गोष्टीवरून: जिच्यावर तो भाळलाय, तिला पुस्तकात तोंड आहे का?

‘द की’मध्ये आहे, आणि कसं! छप्पन वर्षांचा प्राध्यापक बायकोविषयीच्या सगळ्या इच्छा डायरीत उतरवतो. डायरी कुलपात, पण किल्ली मात्र बायकोच्या नजरेला पडेल अशी जमिनीवर पडलेली. बायको इकुको म्हणते, मी ती वाचणार नाही. आणि स्वतःची डायरी सुरू करते! नवरा चोरून वाचतो का हे कळावं म्हणून ती आपल्या डायरीला चिकटपट्टीही लावते. घरात ब्रँडी येते, मुलीसाठी बघितलेला किमुरा येतो, नवऱ्याचं ब्लडप्रेशर चढत जातं. प्रत्येक नोंद कुणीतरी वाचावं म्हणूनच लिहिलेली, त्यामुळे खरं किती नि बनाव किती, हे शेवटपर्यंत चाचपत राहावं लागतं. हेराची गोष्ट वाचावी तशी ही वाचून होते.

कावाबाताकडे ती बोलतच नाही. सदुसष्ट वर्षांचा एगुची समुद्राकाठच्या एका घरात जातो. तिथे औषध देऊन झोपवलेल्या मुलींशेजारी म्हाताऱ्यांनी रात्र काढायची. मुलीच्या तोंडात बोट घालायचं नाही इतक्या बारकाईने नियम ठरलेले. घडत फारसं काही नाही. वास, श्वास, बाहेर लाटा, आणि त्यावरून एगुचीला आठवत जाणाऱ्या बायका, मुली, आई. गद्य अप्रतिम आहे. पण त्या मुलींना काय वाटत असेल हा प्रश्न पुस्तक आपल्यावर टाकून मोकळं होतं, आणि मला तो पानोपानी टोचत राहिला. कोलंबियन कादंबरीकार मार्केझ मात्र या पुस्तकावर इतका लुब्ध की २००४मध्ये आलेल्या, त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या लघुकादंबरीची प्रेरणाच हे आहे.

पहिल्यांदाच वाचत असाल तर सरळ ‘द की’ घ्या. संथ, कवितेच्या अंगाने जाणारं आवडत असेल, आणि अस्वस्थ होण्याची तयारी असेल, तर कावाबाता. बायकांमधल्या प्रेमाचा गुंता हवा असेल तर तनिझाकीचीच ‘क्विकसँड’. त्यात सोनोकोच सगळी हकिकत सांगते.

कावाबाताबद्दल मन धजत नसेल तर एक सोपा उपाय आहे. सायडनस्टिकर यांनी केलेल्या अनुवादाच्या पुस्तकात ‘वन आर्म’ ही कथाही आहे: एक मुलगी आपला उजवा हात काढून एका पुरुषाला रात्रीपुरता उसना देते. ती आधी वाचा. पचली तर मग एगुचीकडे वळा.